फुकटचे फरक

सॉफ्टवेअरच्या जगात ३.१० ही आवृत्ती ३.९ च्या नंतर येते. दशांश अपूर्णांक शिकवणाऱ्या गुरुजींना हे एकदा सांगून पाहा. ते आधी चष्मा काढून पुसतील, मग फळ्यावरच्या ३.१० मधलं शेवटचं शून्य पुसतील आणि 'याला काही किंमत नसते' असं बजावून आपल्याला खाली बसवतील. गुरुजींचं गणित चोख आहे. फक्त आवृत्ती-क्रमांकातलं टिंब हे दशांशचिन्ह नव्हे, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही. दोन पूर्ण संख्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून ते टिंब घातलेलं असतं. टिंबाच्या अलीकडे तीन, पलीकडे दहा. आणि दहा नऊच्या नंतर येतात याबद्दल गुरुजींचंही दुमत नसावं. त्यामुळे ३.५ ला साडेतीन म्हणता येत नाही आणि २.५ ला अडीच. जावाची १.५ आवृत्ती आली तेव्हा ती वापरणारे मराठी प्रोग्रामर काही कमी नव्हते, पण 'दीड जावा' असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१० आवृत्ती आली, तेव्हा हे गुरुजी यंत्रातही शिरलेले आढळले. प्रकल्पाच्या चाचण्या आपोआप व्हाव्यात म्हणून एक छोटी सूचनांची फाइल लिहावी लागते. ती बहुधा यामल नावाच्या पद्धतीने लिहितात. तिथे ३.१० हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला की यंत्र त्याला दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य निष्ठेने खोडतं आणि ३.१ शोधायला निघतं. गंमत अशी की ३.१ ही पायथॉनची खरीखुरी आवृत्ती आहे, २००९ सालची. म्हणजे मागितलं कालचं आणि शोध सुरू झाला बारा वर्षांपूर्वीच्या मालाचा. उपाय सोपा होता: आकड्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं. यंत्राची समजूत तेवढ्यावर पटते. माणसाची समजूत पटवायला डॉक्युमेंटेशन लागतं, आणि तिथे अवतरणचिन्हांवर भागत नाही.

ओपन सोर्स प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनमधल्या बारीकसारीक गोष्टी नीट करत बसणं हा माझा फावल्या वेळचा छंद आहे. ओपन सोर्सच्या भाषेत याला योगदान म्हणतात. घरच्यांच्या भाषेत याला वेगळा शब्द आहे. या छंदात सर्वांत जास्त भेटणारी गोष्ट म्हणजे एकाच आवृत्तीची अनेक रूपं. पानाच्या मथळ्यात 'व्ही२.४' असतं, पहिल्या परिच्छेदात 'आवृत्ती २.४', तक्त्यात '२.४.०', सूचनेच्या चौकटीत 'रिलीज २.४' आणि तळाशी कुणीतरी घाईत '२.४ आणि वरचे' असं लिहून ठेवलेलं असतं. यातला एकही माणूस चुकलेला नसतो. मथळा लिहिणारा एका देशात, तक्ता करणारी दुसऱ्या देशात, चौकट टाकणारा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास सोडून हे काम करणारा. सगळ्यांनी आपापल्या वेळेतून, पगाराविना, मनापासून लिहिलेलं. नाव कुणाला ठेवणार?

आता याच पानावर येणारा वाचक डोळ्यांसमोर आणा. तो हौसेने आलेला नसतो. काल चालणारी गोष्ट आज चालत नाही, साहेबांचा दोनदा फोन येऊन गेलाय, चहा निवून गेलाय, अशा अवस्थेत तो येतो. त्याच्या पडद्यावर एक आकडा आहे आणि आपल्या पानावर एक आकडा आहे. तो वाचत नसतो, ताडून बघत असतो. पडद्यावर २.४.० दिसतंय आणि पानावर व्ही२.४ लिहिलंय, म्हणजे हे माझ्यासाठीच आहे की दुसऱ्या कुणासाठी? प्रश्न बावळट नाही. कारण कित्येक प्रकल्पांत २.४ म्हणजे ती सगळी मालिका असते, २.४.७ सुद्धा तिच्यातच, आणि २.४.० म्हणजे तिच्यातली फक्त पहिली. फरक कधीकधी खरा असतो, हीच तर अडचण आहे. खरे फरक शोधायलाच वाचक आलेला असतो. त्याच्या वाटेत आपण खोटे फरक टाकले की तो प्रत्येकापाशी थबकतो, वाकून बघतो, आणि काही हाती न लागता पुढे जातो. म्हणून माझं या विषयातलं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: वाचकाला फुकटचे फरक देऊ नयेत.

हे तत्त्वज्ञान मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला जरा जड जातं. निबंधाच्या वहीत पुनरुक्तीखाली तांबडी रेघ मिळालेली आपली पिढी. पहिल्या ओळीत चंद्र लिहिला तर दुसऱ्या ओळीत शशी, तिसऱ्या ओळीत सुधाकर, आणि बाईंचा शेरा 'शब्दसंपत्ती उत्तम'. ही शब्दसंपत्ती घेऊन माणूस डॉक्युमेंटेशनमध्ये आला की आधी 'आवृत्ती' लिहितो, मग 'रिलीज', मग 'संस्करण', आणि त्याला वाटतं परिच्छेद कसा नटलाय. वाचकाला वाटतं आकाशात तीन चंद्र आहेत. तांत्रिक लेखनात कंटाळवाणेपणा हा गुण असतो, हे पचवायला मला बराच काळ लागला. तोच शब्द, तोच आकडा, तेच टिंब, पानामागून पान. साहित्य संमेलनात याला टाळ्या पडणार नाहीत.

बरं, आकड्याचं रूप पक्कं करायचं म्हटलं तर आकडा देणारी मंडळी तरी एका वळणाची असावीत! ती नसतात. सॉफ्टवेअर घडवणाऱ्या माणसांचा सगळा लहरीपणा आवृत्ती-क्रमांकात उतरलेला असतो. पुस्तकं सुबक जुळवता यावीत म्हणून डोनाल्ड कनूथ यांनी टेक नावाची प्रणाली लिहिली. तिचा क्रमांक तिसऱ्या आवृत्तीनंतर पाय या संख्येच्या दिशेने सरकतो आहे: ३.१, ३.१४, ३.१४१, असं करत २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ पर्यंत आला. प्रत्येक दुरुस्तीला पायमधला एक अंक वाढतो. तिचीच जोडीदार असलेली मेटाफाँट ही प्रणाली अशीच ई या संख्येच्या मागे लागलेली आहे. आपल्या पश्चात टेकचा क्रमांक कायमचा पाय करावा आणि त्यानंतर उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं समजावं, असं कनूथ यांनी लिहून ठेवलं आहे. एवढं देखणं मृत्युपत्र क्वचित वाचायला मिळतं. पण डॉक्युमेंटेशन तपासणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो निराळ्या कारणाने. २००८ सालचा क्रमांक होता ३.१४१५९२६. एखाद्या नीटनेटक्या संपादकाने गणिताच्या सवयीने तो 'योग्य पूर्णांकन करून' ३.१४१५९२७ केला, तर त्याने अशी आवृत्ती निर्माण केली जी कधी झाली नाही आणि कधी होणारही नाही.

लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्स दुसऱ्या टोकाचे. त्यांच्याकडे २००३ च्या डिसेंबरात २.६ ही मालिका सुरू झाली आणि २०११ पर्यंत २.६.३९ अशी लांबत गेली. मग लिनक्सला वीस वर्षं होत आली आहेत आणि आकडे फार वाढलेत, एवढ्या कारणावर पुढच्या आवृत्तीला ३.० म्हटलं गेलं. आत फारसं विशेष काही नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. तरी जगभरातले कितीतरी प्रोग्राम 'सुरुवात २.६ ने होणारच' असं गृहीत धरून बसले होते, ते अडखळले. मग गाभ्यातच अशी सोय करण्यात आली की सांगितलं तर लिनक्सने आपला क्रमांक २.६.४० असा सांगावा. आकडा बदलल्यामुळे सॉफ्टवेअरवर वय लपवायची वेळ आली. पुढे ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.० असा क्रम पडला. ५.० च्या वेळी टोरवाल्ड्स यांनी दिलेलं अधिकृत कारण असं, की मोजायला हातापायांची बोटं संपली. बोटं वीस, म्हणून आकडा विसाच्या आसपास थांबतो. हे कळल्यावर ४.० ते ५.० मध्ये क्रांती झाली असेल असं समजून लिहिलेले सगळे लेख पुन्हा वाचण्यात मजा येते.

उबुंटू या लिनक्स-वितरणात आकडा म्हणजे चक्क तारीख. ४.१० म्हणजे २००४ सालचा ऑक्टोबर. २००६ च्या एप्रिलात यायची आवृत्ती सहा आठवडे लांबून जूनमध्ये आली, तर तिला ६.०४ ऐवजी ६.०६ म्हटलं गेलं. उशीर लपवायला जागाच नाही. इथे २४.०४ ला २४.४ लिहिणं म्हणजे नसलेली वस्तू लिहिणं, आणि २४.१० चं शून्य खोडलं तर ऑक्टोबरचा जानेवारी होतो. ग्नोम या डेस्कटॉपने ३.३८ नंतर थेट ४० गाठले, मार्च २०२१ मध्ये. ४.० म्हटलं असतं तर जीटीके ४ नावाच्या शेजाऱ्याशी गल्लत झाली असती, हे एक कारण. आणि पीएचपीला सहावी आवृत्तीच नाही. सहावीचं काम वर्षानुवर्षं चाललं, जगातल्या सगळ्या लिप्या भाषेच्या मुळातच सामावून घ्यायचा मोठा बेत होता, सहावीवरची पुस्तकंसुद्धा छापून दुकानात आली, आणि मग बेत सोडून दिला गेला. ५.६ नंतर डिसेंबर २०१५ मध्ये आली ती ७.०.

पंचांग चाळणाऱ्या माणसाला याचं नवल वाटू नये. तिथीचाही असाच क्षय होतो. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कधीकधी एकदम षष्ठी येते, कारण मधली पंचमी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपून गेलेली असते. पीएचपीच्या सहावीला सूर्योदय मिळाला नाही, इतकंच. पण पंचांगकर्त्याचा एक गुण इथे घेण्यासारखा आहे. तो क्षय तिथी गुपचूप गाळत नाही, तिची नोंद करतो. नाहीतर घरोघरी 'पंचमी गेली कुठे' अशी विचारणा सुरू होईल. डॉक्युमेंटेशनमध्येही 'सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली नाही' हे वाक्य एकदा कुठेतरी असावं. ते नसलं की एखादा भाबडा वाचक सहावी शोधत हिंडतो आणि त्याला ती सापडली नाही याचा दोष स्वतःकडे घेतो.

हे सगळं पाहिलं की सुसंगतीबद्दलचा पहिला गैरसमज दूर होतो. सुसंगती म्हणजे सरसकट एकसारखेपणा नव्हे. पोस्टग्रेस या डेटाबेसचंच बघा. त्यात ९.६ पर्यंत पहिले दोन अंक मिळून मोठी आवृत्ती मानली जायची; ९.५ वरून ९.६ वर जाणं म्हणजे सगळा डेटा एका घरातून दुसऱ्या घरात नेणं. २०१७ साली १० आली आणि नियम बदलला: आता पहिला अंक म्हणजे मोठी आवृत्ती, दुसरा म्हणजे किरकोळ दुरुस्ती. म्हणजे ९.६ च्या जोडीला बसतो तो १०, '१०.०' नव्हे. टापटिपीची फार आवड असलेल्या माणसाने तक्ता सुंदर दिसावा म्हणून सगळीकडे दोन-दोन अंक केले, तर १० वरून १०.१ वर जायलाही घर बदलावं लागेल असं वाचणाऱ्याला वाटेल. जे वेगळं आहे ते वेगळंच दिसलं पाहिजे. जे एक आहे ते एकच दिसलं पाहिजे. नियम दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, आणि लोक बहुतेक वेळा त्याची एकच बाजू पाळतात.

मग नेमकं काय ठरवायचं? पहिला वाद 'व्ही' या अक्षराचा. आकड्याआधी ते लावायचं की नाही, यावर शांत स्वभावाची माणसं हमरीतुमरीवर आलेली मी पाहिली आहेत. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहिलेल्या सिमँटिक व्हर्जनिंग या नियमावलीत याचा निकाल आहे. तिच्यानुसार आकडे तीन: पहिला वाढला तर जुनं काहीतरी मोडणार, दुसरा वाढला तर नवं काहीतरी मिळणार, तिसरा वाढला तर चुका दुरुस्त झाल्या. आणि 'व्ही१.२.३' ही आवृत्ती नव्हे, आवृत्ती फक्त १.२.३, व्ही हा ती दाखवण्याचा एक रूढ प्रघात. गोंधळ होतो तो कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमुळे. तिथे आवृत्तीला जी खूण चिकटवतात तिचं नाव व्हीने सुरू करायची चाल आहे. म्हणून खुणेबद्दल लिहिताना व्ही हवा, कारण आज्ञेत तो तसाच टाइप करावा लागतो. आवृत्तीबद्दल लिहिताना नको. इतकं साधं आहे. हे सांगितल्यावर वाद मिटतो आणि लगेच नावामागे मोकळी जागा सोडायची की नाही यावर सुरू होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'वरची' आणि 'नंतरची'. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही लेखन-नियमावल्या सांगतात की आवृत्तीला वरची-खालची म्हणू नका, आधीची-नंतरची म्हणा. सल्ला चांगला आहे; पानात 'वरची आवृत्ती' लिहिलं की काही लोक खरोखरच पानाच्या वरच्या भागात बघतात. पण 'नंतरची' शब्दालाही एक खोच आहे. ३.०.० बाजारात आल्यावरही जुन्या मालिकेतली एखादी गंभीर चूक दुरुस्त करून २.४.९ काढतात. तारखेने ती नंतरची, क्रमांकाने आधीची. 'ही अडचण २.४.९ आणि नंतरच्या आवृत्त्यांत नाही' असं लिहिलं तर ३.०.० वाला निर्धास्त होतो, आणि नेमकी त्याचीच आवृत्ती दुरुस्तीविना असते. अशा ठिकाणी डौल सोडून दोन्ही मालिका स्वतंत्र लिहाव्यात. वाक्य लांबतं, पण माणूस वाचतो.

तिसरी गोष्ट 'सध्या', 'नवीन', 'अलीकडच्या आवृत्तीत' या शब्दांची. हे शब्द लिहिताना ताजे असतात, आणि डॉक्युमेंटेशन मात्र वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. 'सध्याच्या आवृत्तीत ही सोय नाही' या वाक्यातली 'सध्या' केव्हाची, हे शोधायला इतिहास-संशोधक लागतो. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनची शिस्त मला आवडते ती यासाठी. एखादी सोय कोणत्या आवृत्तीत आली, कोणत्या आवृत्तीत बदलली, कोणत्या आवृत्तीपासून ती वापरू नये, हे त्या सोयीच्या खालीच ठराविक शब्दांत लिहिलेलं असतं. ती पानं स्फिंक्स नावाच्या साधनाने तयार होतात आणि त्यासाठी तिथे तयार खुणा आहेत; लेखकाने फक्त आकडा भरायचा. स्फिंक्समध्ये गंमतही आहे. प्रकल्पाचा क्रमांक एकदाच लिहून ठेवावा म्हणजे सगळ्या पानांवर तोच उमटेल, अशी सोय त्यात केलेली आहे. पण ती जागा एक नाही, दोन आहेत: एक आखूड क्रमांकासाठी, दुसरी शेपटीसकट पूर्ण क्रमांकासाठी. एकवाक्यतेसाठी केलेल्या व्यवस्थेतही दोन मतं असू शकतात, यावर माझा तेव्हापासून विश्वास बसला.

या सगळ्याला कीस काढणं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी एप्रिल २०१४ ची गोष्ट सांगावी. इंटरनेटवरची निम्मीशिम्मी कुलपं ज्या ओपनएसएसएलवर चालत होती, त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्याच्या, १.०.१जी सुरक्षित. सगळा फरक टिंबांच्याही पलीकडच्या एका अक्षरात. ज्या पानांवर सोयीसाठी नुसतं '१.०.१' लिहिलेलं होतं, ती पानं त्या आठवड्यात कुणाच्याच उपयोगाची नव्हती. पुढची गुंतागुंत आणखी सुरस. डेबियन या लिनक्स-वितरणाने आपल्या वापरकर्त्यांना दुरुस्ती दिली ती जुन्याच १.०.१ई मध्ये, मूळ क्रमांक तोच ठेवून मागे स्वतःची शेपटी वाढवली. शेपटी न वाचणाऱ्याला आपलं मशीन धोक्यात वाटत होतं, आणि शेपटी वाचणारा शांतपणे जेवायला गेला होता. क्रमांक छाटू नये, तो छाटण्याचा अधिकार आपला नाही, हे त्यावरून पटावं.

कायद्यालाही हे पटलेलं आहे. जीएनयू परवान्याखाली सॉफ्टवेअर देताना 'आवृत्ती २' एवढंच लिहून चालत नाही. फक्त दुसरीच, की दुसरी किंवा नंतरची कोणतीही? लिनक्सचा गाभा फक्त दुसरीखाली आहे. जीएनयूचे स्वतःचे बरेच प्रोग्राम 'तिसरी किंवा नंतरची' म्हणतात. हे मोघम ठेवू नका अशी विनंती खुद्द रिचर्ड स्टॉलमन यांना करावी लागली, आणि परवान्यांची संक्षिप्त नावं ठरवणाऱ्या एसपीडीएक्सने जुनी आखूड नावं बाजूला करून 'फक्त' आणि 'किंवा नंतरची' हे शब्द नावातच घातले. आकड्यापुढचं एक शेपूट गेलं की परवान्याचा अर्थ बदलतो.

मराठीत आलं की या प्रश्नांना स्थानिक फोडणी बसते. फायरफॉक्स, लिबर ऑफिस यांचे पडदे मराठीत आहेत. ते काम स्वयंसेवकांनी केलेलं आहे. मदतीची पानं मराठीत लिहायला घेतली की पहिला प्रश्न आकड्यांचा. वाचायला ३.१० छान दिसतं. पण हेच आकडे उचलून आज्ञेत चिकटवले की पॅकेज मागवणारं यंत्र ओळख दाखवत नाही. वास्तविक पायथॉन इतका सुसंस्कृत आहे, की देवनागरी ३ हे अक्षर संख्येत बदलायला सांगितलं तर तो बिनतक्रार तीन करून देतो. पॅकेजची आवृत्ती निवडताना मात्र हा सुसंस्कृतपणा उपयोगी पडत नाही. म्हणून वाक्यात देवनागरी आणि आज्ञेत इंग्रजी आकडे, अशी वाटणी करावी लागते. ती केली तरी पहिल्याच पानावर तसं सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तोच फुकटचा फरक आपण मराठीत आणला असं होईल.

मग प्रत्ययांची पंचाईत. '३.१०मध्ये' जोडून की '३.१० मध्ये' तोडून? व्याकरण म्हणतं शब्दयोगी अव्यय जोडा. डोळा म्हणतो आकडा मोकळा राहू द्या, शोधताना सापडेल. मी तोडून लिहितो आणि व्याकरणाची क्षमा मागतो. मराठी वाक्य टिंबाने संपतं, त्यामुळे 'ही सोय आली २.६.' असं लिहिलं की शेवटचं टिंब वाक्याचं की आवृत्तीचं, पुढे अजून एखादा अंक छापायचा राहिला की काय, अशी शंका येते; आकड्यावर वाक्य संपवूच नये हे उत्तम. आणि '३.८ पासून ३.१० पर्यंत' यात ३.१० धरायची का? 'शुक्रवारपर्यंत पैसे देतो' म्हणणाऱ्याच्या मनात शुक्रवार धरलेला असतो की नाही, हे आजवर कुणाला कळलंय? त्यापेक्षा ३.८, ३.९ आणि ३.१० अशी तिन्ही नावं लिहून मोकळं व्हावं.

इतके नियम झाले की नवशिका स्वयंसेवक घाबरतो, म्हणून त्याला मी एकच सांगतो: अडलास तर प्रोग्रामलाच त्याची आवृत्ती विचार. बहुतेक सगळे प्रोग्राम विचारल्यावर आपला क्रमांक छापतात. तो जसा छापतो तसाच लिही, कारण वाचकही अडचणीत सापडला की तेच विचारणार आहे आणि त्याला दिसेल तेच पानावर शोधणार आहे. याला अपवाद निघतोच, आणि तो पुन्हा जावाचा. १९९८ साली १.२ ला बाजारात 'जावा २' म्हटलं गेलं, २००४ साली १.५ ला '५', आणि जगभर 'जावा ८' म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती विचारल्यावर स्वतःला १.८.० म्हणवते, नवव्या आवृत्तीपासून कुठे दोन्ही नावं एक झाली. तिथे पानाच्या सुरुवातीला दोन्ही नावं शेजारी लिहावीत, त्यातलं एक निवडावं आणि मग शेवटपर्यंत त्याला सोडू नये.

अशा नियमांचं एक छोटं पान आम्ही एका प्रकल्पात करून ठेवलं. व्ही नको, शून्य खोडू नका, शेपटी छाटू नका, 'सध्या' लिहू नका, मालिका म्हणजे दोन अंक आणि एक नेमकी आवृत्ती म्हणजे तीन. पान सर्वांना आवडलं. एरवी अर्धविरामावरून भांडणाऱ्यांनीही मान डोलावली. मग कुणीतरी रास्त शंका काढली: जुन्या आवृत्त्यांची पानंही या नियमाने बदलायची का? ती पानं गोठवलेली असतात, त्यांना हात लावला तर ती वापरणाऱ्यांच्या जुन्या खुणा आणि दुवे बिघडतात. बराच खल होऊन शहाणपणाचा निर्णय झाला की जुनं जसं आहे तसं राहू द्यावं, नवा नियम पुढच्या आवृत्तीपासून लागू करावा. सगळे समाधानाने उठणार, तेवढ्यात त्या परीक्षेच्या काळात काम करणाऱ्या विद्यार्थ्याने विचारलं, "पुढची म्हणजे २.५ का ३.०?"